क्षमेच्या नावाखाली गप्प बसवू नका

विश्वासघात झालेला ख्रिस्ती माणूस मंडळीत कुणाकडे मन मोकळे करायला गेला, की त्याला पहिला सल्ला मिळतो तो ‘सोडून दे’ हा. भावाने गोड बोलून बहिणीची सही घेतली, सोडून दे. भागीदाराने धंद्यातली रक्कम परस्पर उचलली, सोडून दे. ज्याने लोकांच्या ठेवी बुडवल्या तो दर रविवारी पुढच्या बाकावर बसतो, त्याच्याशी हात मिळव, शांती दे आणि सोडून दे. हे सांगणारी माणसे वाईट नसतात. त्यांच्या बोलण्यात शास्त्राचे दाखले असतात, आवाजात कळकळ असते आणि म्हणूनच समोरच्याला उत्तर सुचत नाही. तो घरी परततो तेव्हा त्याच्या डोक्यावर दोन ओझी असतात. एक फसवणुकीचे, आणि दुसरे, आपल्याला माफ करता येत नाही म्हणजे आपण कच्चे ख्रिस्ती, या अपराधी भावनेचे.

हे दुसरे ओझे त्याच्यावर लादण्याचा अधिकार कुणालाही नाही. वसईच्या वाड्यांपासून नगरच्या जुन्या मिशन कंपाउंडपर्यंत हा सल्ला मी ऐकत आलो आहे. तो व्यवहाराला तर धरून नाहीच, पण ज्या शास्त्राच्या आधारावर दिला जातो त्या शास्त्रातही बसत नाही. म्हणून त्याचा प्रतिवाद मी वकिलाच्या खुर्चीतून करणार नाही, बायबल उघडूनच करणार आहे.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा दाखला सत्तर वेळा सातचा. पेत्राने विचारले, भावाला किती वेळा क्षमा करावी, आणि येशूने मोजदादच मोडीत काढली. हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. पण पेत्राला हा प्रश्न सुचला कशामुळे? त्याच्या लगेच आधी येशूने अपराधी भावाशी कसे वागायचे, ते पायरीपायरीने सांगितले आहे. आधी एकट्याने जाऊन त्याचा अपराध त्याच्यापुढे मांडायचा. ऐकले नाही तर एकदोन साक्षीदार न्यायचे. तरीही ऐकले नाही तर मंडळीपुढे आणायचे. मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला बाहेरचा समजायचे. साक्षीदार, उघड विचारपूस आणि शेवटी नात्यातले अंतर, हे सगळे क्षमेच्या त्या थोर वचनाच्या अगदी शेजारी, त्याच पानावर आहे. प्रवचनात मात्र पेत्राच्या प्रश्नापासून वाचायला सुरुवात होते. पुढे येणाऱ्या निर्दय चाकराच्या दाखल्यातही राजा आधी हिशेबाला बसतो. देणे किती, ते ठरते, चाकर ते नाकारत नाही, आणि मग ते माफ होते. ज्या देण्याची कबुलीच नाही, ते माफ केले म्हणजे नेमके काय केले?

दुसरा दाखला करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला. विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्यावर परक्यांच्या न्यायासनापुढे दावा लावावा, याची पौलाला लाज वाटते. त्यापेक्षा अन्याय सोसलेला बरा, असे तो म्हणतो. इथे थांबून पुस्तक मिटले की फसवणाऱ्याची सोय होते. पण त्याच सहाव्या अध्यायात पौलाचा मुख्य सवाल मंडळीला आहे: भावाभावांमध्ये निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? आणि सोसण्याच्या वाक्यानंतर लगेच तो वळतो ते फसवणाऱ्यांकडे, तुम्ही आपल्याच भावांना लुबाडता, असे त्यांना सुनावत. म्हणजे हा अध्याय मंडळीवर एक जबाबदारी टाकतो आणि लुबाडणाऱ्यावर एक आरोप ठेवतो. आपण जबाबदारी झटकली, आरोप गिळला, आणि उरलेले सोसणे तेवढे दुबळ्याच्या पदरात टाकले. करिंथ ही रोमन वसाहत होती, आणि रोमन दिवाणी न्यायालयात वजनदार माणसाचे पारडे जड असे. पौलाचा राग त्या वजनदारांवर असण्याचीच शक्यता मोठी. आज तेच वचन जिच्या हातात ना पैसा ना कागद, तिच्या तोंडावर फेकले जाते.

आणि हाच पौल स्वतः काय करतो? फिलिप्पैमध्ये चौकशीविना फटके मारून त्याला तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, गुपचूप निघून जा. तो हलला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, उघड्यावर मारलेत आणि आता चोरून घालवता काय, स्वतः येऊन बाहेर काढा, असे त्याने ठणकावले आणि त्यांना यायला लावले. पुढे कैसरियात आपल्याला वैऱ्यांच्या हवाली करायचा डाव दिसताच त्याने सुभेदार फेस्तापुढे उभे राहून कैसराकडे दाद मागितली. तुरुंगात स्तोत्रे गाणारा आणि नागरिकत्वाचा हक्क बजावणारा माणूस एकच होता.

आता योसेफ. क्षमेवरच्या प्रवचनात योसेफ हमखास येतो, आणि हमखास शेवटच्या प्रसंगापुरता येतो. भावांना मिठी मारतो, रडतो, देवाने यातून भले केले म्हणतो. त्याआधीचे तीन अध्याय कुठे जातात? सतरा वर्षांच्या पोराला स्वतःच्या भावांनी चांदीच्या वीस नाण्यांना विकले. वीसेक वर्षांनी ते धान्यासाठी मिसरात त्याच्यापुढे वाकले, त्यांनी त्याला ओळखले नाही, त्याने त्यांना ओळखले. त्या क्षणी तो गळ्यात पडला का? नाही. तो दुभाष्यामार्फत बोलला. तीन दिवस त्यांना कोठडीत ठेवले. शिमोनाला ओलीस ठेवून घेतले आणि धाकट्या बन्यामिनाला आणल्याशिवाय तोंड दाखवू नका, असे बजावले. आणि मधूनच आतल्या खोलीत जाऊन रडला. अंतःकरण केव्हाच विरघळले होते, पण भरवसा त्याने अजून कुलपात ठेवला होता.

त्याने पुढे जे केले ते मला फार अचूक वाटते. बन्यामिनाच्या ताटात इतरांच्या पाचपट वाढले. एका भावाचे कौतुक झाले की हे अजून जळतात का, ते बघायला यासारखी दुसरी युक्ती नाही. मग चांदीचा प्याला बन्यामिनाच्या गोणीत घालून त्याला चोर ठरवले आणि बाकीच्यांना सांगितले, तुम्ही मोकळे आहात, घरी जा. म्हणजे वीस वर्षांपूर्वीचाच प्रसंग त्यांच्यापुढे पुन्हा उभा केला. धाकटा भाऊ गुलामीत जातो आहे, तुम्हाला फक्त पाठ फिरवायची आहे. तेव्हा यहूदा पुढे आला. योसेफाला विकायची कल्पना मुळात याच यहूदाची होती. तो म्हणाला, पोराला सोडा, त्याच्या जागी मला ठेवा. हे ऐकल्यावर योसेफाला स्वतःला आवरता आले नाही. माणसे बदलली आहेत, याची खात्री त्याने त्यांच्या शब्दांवरून करून घेतली नाही. पूर्वीच्याच मोहाच्या जागी त्यांना उभे केले आणि यावेळी ते काय करतात ते पाहिले. आणि ओळख दिल्यावरही, मला तुम्हीच विकलेत, हे त्याने स्पष्ट म्हटले. गुन्ह्याचे नाव न घेता झालेली ती क्षमा नव्हे.

दाविदाचे उदाहरण लहान आहे, पण नेमके आहे. शौल त्याच्या जिवावर उठला असताना दाविदाने त्याला दोनदा हातातून सोडले. दुसऱ्या वेळी झोपलेल्या शौलाच्या उशाशी असलेला भाला आणि पाण्याचा चंबू घेऊन तो पलीकडच्या डोंगरावर गेला आणि तिथून हाक मारली. शौल गहिवरला, माझे चुकले, बाळा परत ये, म्हणाला. दाविदाने भाला परत केला. पण तो द्यायला स्वतः गेला नाही; कुणा गड्याला इकडे पाठवा आणि न्या, म्हणाला. मग शौल आपल्या घरी गेला आणि दावीद आपल्या वाटेने गेला. सूड घेतला नाही, शाप दिला नाही, आणि भाल्याच्या टप्प्यात पुन्हा पाऊलही टाकले नाही. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या लेकीला ‘तो रडला, माफी मागतो आहे, परत जा’ असे सांगणाऱ्या आईबापांनी आणि पाळकांनी हा अध्याय एकदा मोठ्याने वाचावा.

यावर कुणी म्हणेल, हा जुना करार झाला, येशूचे काय? त्याने तर विश्वासघातक्याचे पाय धुतले. धुतले, आणि ख्रिस्ती माणसाने त्या प्रसंगापुढे नतमस्तकच व्हावे. पण त्याच भोजनाच्या वेळी, तुमच्यातला एक जण मला धरून देणार, हेही येशूने पंक्तीत उघड सांगितले. आणि ते भोजन कुठे होणार, हे आधी कुणालाच सांगितले नव्हते. दोन शिष्यांना शहरात पाठवले, पाण्याचे मडके घेतलेला माणूस भेटेल, त्याच्या मागे जा, अशी खूण दिली. जागा आधी कळली असती तर यहूदा इस्कर्योत पहारेकऱ्यांना तिथेच घेऊन आला असता आणि ते भोजन झालेच नसते, असे काही भाष्यकार म्हणतात, आणि मला ते पटते. नासरेथमध्ये गावकरी कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा येशू त्यांच्यातून निघून गेला. यरुशलेमेत पुष्कळांनी त्याच्या नावावर विश्वास ठेवला, पण माणसाच्या मनात काय असते हे ठाऊक असल्यामुळे त्याने स्वतःला त्यांच्या भरवशावर सोडले नाही, असे योहान नोंदवतो. क्रूस त्याने आपली वेळ आल्यावर, आपण होऊन पत्करला. तो त्याचा यज्ञ होता. जमिनीचा दलाल, लबाड भाऊ किंवा बेइमान खजिनदार यांना आपल्या वतीने कुणालाही क्रूसावर चढवण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

आणि एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेले नाही. यिर्मयाच्या पुस्तकात, चाळीस आणि एक्केचाळीस या अध्यायांत ती आहे. यरुशलेम पडल्यावर बाबेलच्या राजाने उरल्यासुरल्या गरीब लोकांवर गदल्या नावाचा प्रांताधिकारी नेमला. गदल्या सज्जन होता. त्याने लोकांना धीर दिला, द्राक्षे आणि तेल साठवा, शेतीला लागा, म्हणाला. परागंदा झालेले लोक परत येऊ लागले. राजघराण्यातला इश्माएल तुम्हाला मारायला टपला आहे, असे योहानान नावाच्या सरदाराने त्याला सांगितले. गदल्याने विश्वास ठेवला नाही. योहानान पुन्हा एकांतात आला आणि म्हणाला, मी जाऊन त्याला गुपचूप उडवतो, कुणाला कळणार नाही. गदल्या म्हणाला, असे करू नकोस, तू इश्माएलावर खोटा आळ घेतोस.

गुपचूप खुनाला नकार दिला, यात गदल्याचे चुकले नाही. चुकले ते पुढे. त्याने दाराशी पहारा ठेवला नाही, चौकशी केली नाही, सावध राहिला नाही. इश्माएल दहा माणसे घेऊन मिस्पात आला, गदल्याने त्याला पंगतीला बसवले, आणि जेवता जेवता त्यांनी उठून त्याला कापले. त्याच्याबरोबरचे लोक मारले. दुसऱ्या दिवशी, हे कुणाला ठाऊक नसताना, मंदिरासाठी अर्पणे घेऊन ऐंशी यात्रेकरू आले. त्यांतले सत्तर जण मारून विहिरीसारख्या टाक्यात टाकले. उरलेले लोक बाबेलच्या धाकाने मिसराला पळाले. त्या भूमीत पुन्हा रुजू पाहणारे जीवन तिथेच उपटले गेले. यहुदी लोक आजही तिश्री महिन्यात गदल्याच्या नावाने उपास करतात.

या एका गोष्टीत आपले दोन्ही सल्लागार उभे आहेत. योहानान म्हणतो, तो मारायच्या आधी तू मार. गदल्या म्हणतो, असे काही नसणारच, ये जेवायला. दोघांच्या मध्ये मोठी मोकळी जागा होती. विचारता आले असते, तपासता आले असते, शस्त्रे बाहेर ठेवायला सांगता आली असती, आणि तरीही हात रक्तात बुडवावे लागले नसते. ख्रिस्ती माणसाला उभे राहायचे आहे ते या मधल्या जागेत. येशूने शिष्यांना लांडग्यांमध्ये पाठवताना सापाचे चातुर्य आणि कबुतराचा निरागसपणा ही दोन्ही एकाच श्वासात मागितली, ती या जागेसाठीच. आणि गदल्याच्या भोळेपणाची किंमत एकट्या गदल्याने चुकवली नाही, हे विसरता येणार नाही. अर्पणे घेऊन वाटेने येणाऱ्या त्या सत्तर लोकांना इश्माएलाने काय केले, हे माहीतही नव्हते. आपल्याला फसवणाऱ्याला आपण ‘मोठ्या मनाने’ झाकून ठेवतो, तेव्हा त्याची पुढची शिकार ठरलेली कुणी विधवा, कुणी निवृत्त शिक्षक, कुणी आखातातून पैसे पाठवणारा तरुण असतो. त्यांच्या वतीने क्षमा करायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

या झाकपाकीचे टोक चर्चने स्वतः पाहिले आहे. २००२ च्या जानेवारीत ‘बॉस्टन ग्लोब’ने उघड केले की जॉन गेगन या धर्मगुरूवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप येत राहिले आणि वरिष्ठ त्याला एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवत राहिले. सुमारे तीन दशकांत १३० हून अधिक लोकांनी त्याच्यामुळे सोसले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना राजीनामा द्यावा लागला. त्या काळात चर्चची बदनामी नको, फादरना माफ करा, प्रार्थना करा, हेच सूर अनेक घरांनी ऐकले. क्षमेची भाषा तिथे लांडग्याला मेंढवाड्याची किल्ली देण्यासाठी वापरली गेली. मी हे उदाहरण चर्चवर दगड मारायला घेतलेले नाही. ज्या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, त्याच्यावर माझे प्रेम आहे, आणि म्हणूनच ही सवय मला सहन होत नाही.

खरी क्षमा कशी दिसते, हेही चर्चनेच जगाला दाखवले आहे. १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर मेहमेत अली आज्जा याने गोळ्या झाडल्या. चारच दिवसांत रुग्णशय्येवरून पोपनी त्याला क्षमा केल्याचे सांगितले. २७ डिसेंबर १९८३ रोजी ते रोमच्या रेबिबिया तुरुंगात त्याच्या कोठडीत गेले, त्याच्याशेजारी बसून बोलले. आणि बोलून झाल्यावर पोप बाहेर आले, आज्जा आतच राहिला. इटलीने त्याला सोडले ते थेट २००० साली. क्षमा झाली होती, आणि शिक्षाही चालू होती. दोन्हींनी एकमेकींना अडवले नाही. ओडिशात मनोहरपूरला २२ जानेवारी १९९९ च्या रात्री नवरा आणि दोन मुलगे जाळले गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला चालला, शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले. त्या क्षमेने कायद्याची वाट अडवली नाही, आणि कायद्याच्या वाटेने त्या क्षमेचे तेज कमी झाले नाही.

आपल्याकडचे नाव घ्यायचे तर पंडिता रमाबाई. १८९७ च्या प्लेगात त्यांच्या आश्रयाला असलेली एक मुलगी पुण्याच्या सरकारी व्यवस्थेच्या हवाली झाली आणि तिचे भले झाले नाही. रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून सरकारच्या कारभारावर उघड टीका केली. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, साहेबाला दुखवणे सोपे नव्हते. पण विश्वासाने सोपवलेल्या मुलीबाबत गप्प राहणे हा त्यांच्या ख्रिस्तभक्तीचा भाग नव्हता.

‘सोडून दे’ म्हणणाऱ्यांशी एवढे बोलल्यावर दुसऱ्या बाजूशीही बोलले पाहिजे. जशास तसे म्हणणारे व्यवहारी मित्र. त्यांच्या मते श्रद्धा म्हणजे लुबाडून घ्यायची तयारी. त्याला धडा शिकव, चारचौघांत नागवा कर. यांच्या सल्ल्यात एक गोष्ट खरी आहे. फसवणाऱ्याला परिणाम भोगावे लागले नाहीत, तर तो थांबत नाही. पण सूड हा परिणाम मोजून देत नाही. दिवाणी दाव्यात बापाने घातलेला राग मुलगा पुढे चालवतो आणि नातू तारखांना जातो, अशी घरे वसईत कमी नाहीत. जमीन गेली ती गेलीच, घरातली संध्याकाळची प्रार्थनाही गेली, कारण जेवणाच्या ताटावर तोच विषय. फसवणाऱ्याने एकदा लुटले, आणि त्याच्यावर विचार करण्यात आपण उरलेले आयुष्य आपल्या हाताने त्याला देऊन टाकले. क्षमा या ठिकाणी खरोखर काम करते. ती मला त्याच्यापासून सोडवते. त्याचे वाईट होताना बघायची भूक ती माझ्यातून काढून घेते, जेणेकरून दावा लावायचा तर तो हक्कासाठी लावता यावा, त्याला रडताना पाहण्यासाठी नव्हे. ही भूक एका प्रार्थनेत जात नाही. ज्यांची ती जाते त्यांनाही अनेकदा, तोच माणूस बाजारात समोर आला की, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून ज्याला माफ करायला वेळ लागतो आहे, त्याला कच्चा म्हणू नका.

आणि माफी मागणाऱ्याकडूनही काही मागा. जकातदार जक्कय झाडावरून उतरला, येशूला घरी जेवायला नेले आणि म्हणाला, ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देतो. तारण आज या घरी आले, हे येशू त्यानंतर म्हणाला. कॅथोलिक परंपरेत चोरी केलेल्याने पापनिवेदन केले तरी लुटलेले परत करण्याचे बंधन सुटत नाही. ही शिकवण जुनी आणि स्पष्ट आहे. मग ठेवी बुडवणाऱ्याला वेदीजवळच्या बाकावर बसवून, ठेवीदाराला मात्र शांती द्यायला लावणारे आपण कोणती शिकवण पाळतो? जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ साली सवंग कृपेबद्दल, म्हणजे पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या क्षमेबद्दल, इशारा दिला, तो असल्याच गोष्टींचा.

बहिणींच्या हिश्श्याबद्दल मला विशेष बोलायचे आहे, कारण ‘सोडून दे’ हा शब्द सर्वांत जास्त त्यांच्याच वाट्याला येतो. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता बाप गेला तर त्या कायद्यात मुलगा आणि मुलगी यांच्या हिश्श्यात फरक नाही. केरळात त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्याने सिरियन ख्रिस्ती मुलीला मुलाच्या हिश्श्याच्या पाव किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी ते मिळे. कोट्टयमच्या मेरी रॉय स्वतःच्या भावाविरुद्ध उभ्या राहिल्या, सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९८६ च्या निकालाने तो भेद संपला. त्यांना घर मोडणारी म्हटले गेले. त्यांच्या त्या ‘घर मोडण्या’वर आज हजारो लेकींचा हिस्सा उभा आहे. आपल्या लेकींना हे कायद्याने आधीपासून आहे, आणि तरीही वाडीची किंमत वाढली की भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतो, ‘नुसती सही, नावापुरती’ म्हणतो. बहीण सही करते. वर्षाभरात वाडी बिल्डरला जाते. ती विचारायला आली की घरचे, आणि कधी कधी देवळातलेही, तिला सत्तर वेळा सात सांगतात.

अशा बाईला मी काय सांगेन? माफ करायची घाई करू नकोस, आणि कागदाची घाई कर. सातबारा काढ. फेरफार नोंदीची नोटीस आली असेल तर हरकत पंधरा दिवसांत द्यायची असते. फसवून घेतलेला दस्त रद्द करायचा दावा, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत लावायचा असतो. हातउसन्या पैशांच्या वसुलीलाही साधारण तीनच वर्षे. ही मुदत तुझ्या जखमेच्या भरून येण्यासाठी थांबत नाही. बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. लोकन्यायालयात तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, भरलेले कोर्ट शुल्कही परत मिळते. आणि या सगळ्या काळात भावासाठी प्रार्थना कर. त्याचे भले व्हावे म्हणून, आणि त्याने कागद परत करावा म्हणूनही. आपला सल्लागार अहीथोफेल फितूर झाल्याचे कळले तेव्हा दाविदाने डोंगर चढता चढता प्रार्थना केली, देवा, त्याची मसलत फोल कर. आणि शिखरावर पोचताच त्याने हूशय या मित्राला, ती मसलत मोडायला, यरुशलेमेत पाठवले. शास्त्रात या दोन गोष्टींमध्ये मोजक्याच वचनांचे अंतर आहे.

सगळे विश्वासघात सारखे नसतात, हेही सांगायला हवे, नाहीतर सावधपणाचे नाव घेऊन आपण सगळ्यांनाच दारे लावू. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट पाहा. पौल कैदेत आहे, सुनावणी चालू आहे. देमास सोडून गेला, हे तो लिहितो. मार्काला घेऊन ये, तो उपयोगी आहे, म्हणतो. हा तोच मार्क, जो पूर्वी पंफुल्यात अर्ध्या वाटेवर सोडून गेला होता आणि ज्याच्यावरून पौल बर्णबाशी भांडला होता. आलेक्सांद्र तांबटाने आपले फार वाईट केले, प्रभू त्याचे त्याला देईल, तूही त्याच्यापासून जपून राहा, असे नावानिशी बजावतो. आणि पहिल्या सुनावणीला जे सगळे भिऊन पळाले, त्यांच्यासाठी मागतो, हे त्यांच्या हिशेबी न धरले जावो. भीतीने सोडून जाणारा, पुन्हा उभा राहिलेला, आणि जाणूनबुजून घात करणारा, अशा तिघांना तो तीन तऱ्हांनी वागवतो. सूड कुणावरच घेत नाही. पण आलेक्सांद्राचे नाव झाकतही नाही, कारण तीमथ्यालाही त्याच्यापासून जपायचे आहे.

आपल्या धर्मग्रामांना आणि मंडळ्यांना म्हणूनच माझे मागणे आहे. पौलाने करिंथकरांना विचारलेला शहाणा माणूस नेमा. एक पाळक किंवा फादर, एक वकील, एक हिशेब समजणारा, आणि किमान दोन बाया, अशी समिती प्रत्येक धर्मग्रामात असू द्या. तिच्याकडे आलेल्याला पहिला प्रश्न ‘माफ केलेस का’ हा नको, ‘कागद कुठे आहेत’ हा असू द्या. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलवा, त्याचे ऐका, आणि दोष सिद्ध झाला तर परतफेड होईपर्यंत त्याला देवळाच्या कोणत्याही हिशेबावर, पतपेढीवर किंवा विश्वस्त मंडळावर ठेवू नका. समितीचे तो ऐकत नसेल, तर तक्रारदाराबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चालत जा. तिथे भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ विश्वासघाताला आणि ३१८ फसवणुकीला आहे. त्या कलमांखाली तक्रार देणारी बाई मंडळीतून बाहेर पडत नाही, हे पाळकांनी वेदीवरून एकदा मोठ्याने सांगावे. येत्या उपवासकाळात क्षमेवर प्रवचन होईलच. त्या रविवारी मत्तयाचा अठरावा अध्याय पंधराव्या वचनापासून वाचा.